उसना निबंध

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां भरल्या कीं आमच्या लहानमोठ्या गांवांतून दहावीच्या परीक्षेची हवा वाहूं लागते. पुस्तकांच्या दुकानांत मार्गदर्शिका, अपेक्षित प्रश्नसंच व 'आदर्श' निबंधांच्या वह्या यांचे ढीग लागतात. शिकवणीच्या वर्गांच्या पाट्या चौकाचौकांत झळकतात. आणि मराठी शाळेंत शिकणारा मुलगा वा मुलगी ज्या घरांत आहे, त्या घरचीं वडील माणसें गणिताखालोखाल इंग्रजीच्या पेपराची काळजी वाहूं लागतात. ही काळजी अनाठायीं आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तिच्यावर जो उपाय सर्रास योजला जातो तो मूळ रोगापेक्षां वाईट आहे. दुसऱ्यानें लिहिलेला निबंध पाठ करून परीक्षेच्या कागदावर उतरविणें आणि व्याकरणाचे नियम अर्थ न समजतां घोकणें, हा तो उपाय होय.

या परीक्षेचें मूळ जुनें आहे. १८३५ सालीं मेकॉलेनें आपलें प्रसिद्ध टिपण लिहिलें, १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, आणि १८५९ सालीं त्या विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. न्यायमूर्ति रानडे हे त्या पहिल्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्यांपैकीं एक होत. तेव्हांपासून इंग्रजी ही आमच्या मुलांच्या वाटेवरील वेस होऊन बसली. पुढें परीक्षेचें नांव बदललें, ती चालविणारी संस्था बदलली. १९६६ सालापासून महाराष्ट्र राज्याचें माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ हें काम पाहत आहे. २००० सालीं राज्य सरकारनें मराठी शाळांतूनहि इयत्ता पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. म्हणजे आज दहावीला बसणारें मूल तब्बल दहा वर्षें इंग्रजी शिकलेलें असतें. इतक्या वर्षांच्या अध्ययनानंतर ज्यांना स्वतःच्या गांवाविषयीं दहा वाक्यें स्वतःच्या मनानें लिहितां येत नाहींत, अशीं मुलें आमच्यांत थोडीं नाहींत. यांत दोष मुलांच्या बुद्धीचा मानावा, कीं शिकविण्याच्या व तयारी करण्याच्या पद्धतीचा मानावा?

निकालाच्या आंकड्यांवरून या प्रश्नाचा उलगडा होईल असें कोणास वाटत असेल तर त्यानें तीन सालांचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून पाहावे. २०१८ सालीं दहावीचा निकाल शेंकडा ८९.४१ लागला. २०१९ सालीं भाषाविषयांतील शाळेच्या हातचे वीस गुण काढून टाकून पुऱ्या शंभर गुणांचा लेखी पेपर ठेवण्यांत आला, आणि निकाल शेंकडा ७७.१० वर उतरला. पुढील वर्षीं लेखी ऐशीं व शाळेकडील वीस ही वांटणी परत आली, आणि २०२० चा निकाल शेंकडा ९५.३० लागला. त्या वर्षीं करोनाच्या सांथीमुळें भूगोलाचा पेपर होऊं शकला नाहीं, हें ध्यानांत घेतलें तरी एवढें स्पष्ट आहे कीं मुलांची अक्कल एका सालीं घटून दुसऱ्या सालीं अचानक वाढली नव्हती. माप बदललें म्हणजे आंकडा बदलतो, पोत्यांतील धान्य तेवढेंच राहतें. ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगावयास नको. तेव्हां पालकांनीं निकालपत्रिकेच्या आंकड्याबरोबरच मुलाच्या वहीकडे पाहावयास शिकलें पाहिजे. पोत्यांत काय आहे तें तेथें दिसतें.

यावर व्यवहारी गृहस्थ म्हणतील, "पाठ करून कां होईना, मुलगा पस्तिसाची वेस ओलांडतो ना? मग झालें तर!" हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. इंग्रजींत नापास झाल्यामुळें ज्या मुलाचें वर्ष गेलें त्याच्या घरची अवस्था आम्हांस ठाऊक आहे. आणि कित्येक घरांत मुलीचें शिक्षण त्याच एका निकालावर कायमचें थांबतें हेंहि आम्ही विसरलों नाहीं. परंतु पाठांतरानें ती वेस तरी खात्रीनें ओलांडतां येते काय? हल्लींच्या पेपरांत पत्र, भाषणाचा मसुदा, बातमी, गोष्ट असे प्रकार विचारले जातात, आणि त्यांसाठीं मुद्दे, मथळा किंवा आरंभीचें वाक्य दिलेलें असतें. पाठ केलेला मजकूर त्या चौकटींत बसत नाहीं. पाणी जपून वापरण्याविषयीं भाषण लिहावयास सांगितलें असतां, पाठ केलेला पावसाळी दिवसाचा निबंध तसाच उतरवून येणारा विद्यार्थी गुण गमावतो आणि वेळहि गमावतो. पाठ केलेल्या मजकुरांतील मधलें एक वाक्य विसरलें कीं पुढचा सगळा डोलारा कोसळतो, तें निराळेंच.

वकिलीच्या धंद्यांत याचा दाखला नेहमीं पाहावयास सांपडतो. नमुन्यावरून खरेदीखत उतरून काढणारा लेखनिक कधीं कधीं जुन्या दस्तांतील चतुःसीमा नव्या दस्तांत तशाच राहूं देतो. कागद दिसावयास सुबक, भाषा बिनचूक; परंतु पूर्वेस ज्याचें घर नाहीं त्याचें घर दाखविलेलें! मग दोन कुटुंबें वर्षानुवर्षें कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात. उसन्या निबंधाची गोष्ट याहून वेगळी नाहीं. त्यांत शब्द असतात, पण लिहिणाऱ्याचा विषयाशीं संबंध नसतो; आणि ज्या दिवशीं त्याला स्वतःची चतुःसीमा लिहावी लागते त्या दिवशीं तो अडतो. तो दिवस लांब नसतो. अकरावीची विज्ञानशाखा इंग्रजींतून चालते, परगांवच्या कंपनीशीं पत्रव्यवहार इंग्रजींतून होतो, आणि उच्च न्यायालयाचें कामकाज घटनेच्या ३४८ व्या कलमान्वयें आजहि इंग्रजींतच चालतें.

मग तयारी करावी तरी कशी? आमचें स्पष्ट मत असें आहे कीं मराठी मुलानें इंग्रजी व्याकरण मराठीचा हात धरून शिकावें. १८३६ सालीं दादोबा पांडुरंग यांनीं इंग्रजी व्याकरणाची पद्धति पुढें ठेवून आपल्या भाषेचें व्याकरण रचलें. पुढें तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें उलट वाट दाखविली, आणि मराठीच्या आधारें इंग्रजी शिकणाऱ्या कित्येक पिढ्या तयार केल्या. ही वाट सोडून आज आम्ही मुलांस सांगतों कीं इंग्रजीच्या तासाला मराठी विसरा. मूल मराठी विसरत नाहीं; तें मनांतल्या मनांत भाषांतर करीतच राहतें, आणि तें कोणी तपासत नसल्यामुळें त्याच त्या चुका दहा वर्षें मुक्काम करून बसतात.

उदाहरणें घ्यावीं. मराठींत आपण "तो म्हणाला कीं मी उद्यां येतो" असें म्हणतों. बोलणाऱ्याचे शब्द आपण जसेच्या तसे ठेवतों. इंग्रजींत 'दॅट' आला कीं पुरुष, काळ व दिवस हे तिन्ही फिरतात, आणि वाक्य "ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे" असें होतें. हा भेद एकदां फळ्यावर समोरासमोर मांडून दाखविला तर अप्रत्यक्ष कथनाच्या नियमांची लांबलचक यादी घोकण्याचें अर्धें काम वांचतें. "मी दोन वर्षांपासून पुण्यांत राहतो" या सरळ मराठी वाक्यामुळें मूल "आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स" असें लिहितें. कारण आपल्या 'पासून'मध्यें आरंभाचा क्षण आणि मध्यंतरीची मुदत हे दोन्ही अर्थ सामावतात; इंग्रजी मात्र पहिल्याला 'सिन्स' व दुसऱ्याला 'फॉर' असे वेगळे शब्द लावते, आणि क्रियापद 'हॅव बीन लिव्हिंग' असें मागते. तसेंच "रामानें आंबा खाल्ला, रामानें चिंच खाल्ली" येथें आपलें क्रियापद कर्माकडे पाहून रूप बदलतें, म्हणून आपण याला कर्मणि प्रयोग म्हणतों. इंग्रजी क्रियापद कर्माकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. "राम एट" हें दोहोंकडे सारखेंच, आणि वाक्यहि कर्तरीच. 'रामानें' या शब्दांत 'बाय राम' ऐकून मुलें येथें हटकून घोटाळतात.

जें वेगळें आहे तें जसें दाखवावें, तसें जें सारखें आहे तेंहि दाखवावें. 'अ' आणि 'द' यांची मुलांस मोठी धास्ती असते. परंतु "एक राजा होता, त्या राजाला दोन मुलगे होते" असें आजीच्या तोंडून ऐकलेल्या मुलाला पहिल्या वेळीं 'एक' व दुसऱ्या वेळीं 'त्या' कां येतें हें उपजतच कळतें. 'नो सूनर' व 'दॅन' यांची जोडी अवघड वाटते. पण "गाडी सुटते न सुटते तोंच पाऊस आला" हें वाक्य मूल रोज बोलतें. ज्याच्या पदरीं इतकें भांडवल आहे त्याला दिवाळखोर म्हणून वागविणें हा कोणता न्याय?

आतां निबंधाविषयीं. परीक्षेस अद्याप तीनएक महिने आहेत असें धरून चालूं. या अवधींत मुलानें रोज एकच पान लिहावें, पण तें स्वतःचें असावें. विषय दूर शोधावयास नको. आठवड्याचा बाजार, बापाच्या दुकानांतील गर्दीची वेळ, एस. टी. स्थानकावरील खोळंबा, नळाला न आलेलें पाणी, शाळेंतील गॅदरिंग हे विषय हाताशींच आहेत. प्रथम मराठींत चार मुद्दे मनाशीं नक्की करावे. मग पुस्तकी भारदस्त शब्दांच्या नादीं न लागतां, कर्ता व क्रियापद डोळ्यांपुढें ठेवून, लहान लहान वाक्यांत ते इंग्रजींत मांडावे. दुसऱ्या दिवशीं तपासून आलेलें तेंच पान शुद्ध करून पुन्हां लिहावें. आपल्या चुकांची एक वेगळी यादी ठेवावी. महिन्याभरांत असें दिसून येईल कीं चुका पांच-सहाच जातींच्या आहेत, आणि त्याच फिरून फिरून येतात. शत्रु इतका थोडका आहे हें कळलें कीं भीति निम्मी जाते.

व्याकरणाचा सरावहि याच पानावर व्हावा. स्वतः लिहिलेल्या वाक्याचा प्रयोग बदलावा, दोन वाक्यें जोडून एक करावें, संवादाचें अप्रत्यक्ष कथन करावें. पेपरांत वाक्यरूपांतराचे प्रश्न येतात ते याच जातीचे असतात. स्वतःच्या वाक्यावर केलेला नियम अंगीं मुरतो. छापील वाक्यावर केलेला परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं उडून जातो. मार्गदर्शिका जाळून टाकावी असें आम्ही म्हणत नाहीं. पत्राचा मायना कसा घालावा, बातमीचा आरंभ कसा करावा, इतक्यापुरती ती पाहावी. घडण तिच्याकडून घ्यावी, मजकूर आपला असावा.

शिक्षक म्हणतील, "वर्गांत साठ मुलें, रोज साठ पानें तपासणार कोण?" अडचण खरी आहे. परंतु रोज दहा वह्या पाळीपाळीनें तपासल्या तर आठवड्याच्या सहा दिवसांत साठहि होतात. आणि ज्या चुका सर्वांच्या आहेत त्या फळ्यावर एकदांच दुरुस्त करतां येतात. राहिलेल्या कामांत गांवानें हात द्यावा. प्रत्येक तालुक्याच्या गांवीं सेवानिवृत्त शिक्षक, बँकेंतील माजी अधिकारी, वकील व डॉक्टर आहेत. सार्वजनिक वाचनालयानें सायंकाळीं एक टेबल मोकळें करावें, आणि या मंडळींनीं आठवड्यांतून दोन तास तेथें बसून येईल त्या मुलाचें पान तपासावें. याला ना फंड लागतो, ना ठराव. वर्गाची फी ज्याला परवडत नाहीं अशा हमालाच्या मुलालाहि तेथें धान्यव्यापाऱ्याच्या मुलाशेजारीं बसतां येईल. परीक्षा मंडळाकडेहि आमचें एक मागणें आहे. मोडकेंतोडकें पण स्वतःचें लिहिणाऱ्यास आणि सफाईदार पण विषयाला सोडून असलेलें उतरविणाऱ्यास गुण देतांना परीक्षकांनीं कोणता विवेक ठेवावा, हें मंडळानें शाळांस आगाऊ व निःसंदिग्धपणें कळवावें. मंडळ ज्याची कदर करील तेंच शाळा शिकवतील.

या साऱ्यांत डावावर काय आहे हें पालकांनीं ओळखावें. केवळ या एका पेपराच्या भीतीनें अनेक गृहस्थ आपलीं मुलें मराठी शाळेंतून काढून इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत घालीत आहेत, आणि तेथेंहि पाठांतरच चालूं असेल तर मुलाच्या पदरीं ना ही भाषा पडते ना ती. मराठी शाळेंतील मूल इंग्रजी चांगलें लिहूं शकतें हें दाखवून देणें हा मराठी शाळा राखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. सभांतील भाषणांनीं तें काम होणार नाहीं. दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून खपविण्याची संवय पंधराव्या वर्षीं लागली तर ती परीक्षेपुरती राहत नाहीं, हाहि विचार वडील माणसांनीं करावा. म्हणून आमची त्यांस विनंति आहे कीं, आज रात्रीं मुलाला किती गुण मिळतील हें विचारूं नये. आज कोणतें पान लिहिलेंस तें दाखव, असें म्हणावें. पान चुकांनीं भरलेलें असलें तरी हरकत नाहीं. तें त्याचें स्वतःचें आहे एवढी खात्री करून घ्यावी, आणि उद्यां दुसरें लिहावयास सांगावें.