पदवीबरोबर शेजारही कमवा

ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला निघालेल्या मुलामुलींनो, तुमची सामानाची यादी एव्हाना तीनदा बदलून झाली असेल. कुकर, गोडा मसाला, औषधं आणि त्यांच्या चिठ्ठ्या, जाड जॅकेट. आईबाबांनी फीचा हिशेब मांडलाय, बँकेचं कर्ज मंजूर झालंय. या धांदलीत एक गोष्ट सांगायची राहून जाते. जिथे राहायला जाल तिथल्या लोकांच्या कामात हात घाला. फ्लॅट, लॅब आणि इंडियन ग्रोसरी एवढ्याच तीन ठिकाणी दोन वर्षं काढली तरी पदवी मिळते, पण ज्या गावात राहिलो त्या गावाचा पत्ता लागत नाही.

गावात राहायचं म्हणजे काय, हे पाहायला मिनियापोलिस शहरातलं ऑग्सबर्ग विद्यापीठ चांगलं आहे. विद्यार्थी जेमतेम तीनेक हजार. नॉर्वेहून आलेल्या ल्युथरन लोकांनी पाद्री घडवायला १८६९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मार्शल गावी ही शाळा काढली आणि १८७२ मध्ये मिनियापोलिसला आणली. ज्याच्या नावावरून हे लोक ल्युथरन म्हणवतात तो ल्यूथर सोळाव्या शतकात सांगत होता की, देवाचं बोलावणं फक्त मठातल्या लोकांना येत नाही. शेतकरी, मोलकरीण, आईबाप आपापल्या कामातून शेजाऱ्याच्या उपयोगी पडतात, तीही देवाचीच सेवा. सावता माळ्याचं नाव घेणाऱ्या आपल्याला हे काही नवीन नाही.

विद्यापीठाच्या आजूबाजूची वस्ती सीडर-रिव्हरसाइड. एकेकाळी इथे नॉर्वे-स्वीडनचे मजूर राहत. आज तिथे सोमालियातून आलेली असंख्य कुटुंबं आहेत. १९७३ मध्ये उभ्या राहिलेल्या रिव्हरसाइड प्लाझाच्या उंच इमारती त्यांनी भरलेल्या दिसतात. मशीद आणि ल्युथरन विद्यापीठ एकाच वस्तीत आहेत. ऑग्सबर्गच्या पदवीच्या वर्गांतही आता निम्म्याहून अधिक मुलं गोरी नाहीत. नॉर्वेजियन पाद्र्यांची शाळा इथवर आली, कारण वस्ती बदलली तेव्हा तिने गाशा गुंडाळला नाही.

तिथला एक उपक्रम नीट समजून घ्या. २००३ मध्ये ऑग्सबर्गमध्ये ‘कॅम्पस किचन’ सुरू झालं. अमेरिकेत बऱ्याच कॉलेजांमध्ये अशी स्वयंपाकघरं आहेत. मेसमध्ये रांधलेलं पण वाढलं न गेलेलं अन्न एरवी कचऱ्यात जातं. इथे विद्यार्थी ते गोळा करतात, पुन्हा रांधून डबे भरतात आणि वस्तीत पोचवतात. कामाची पाळी लागते. केसांवर जाळी, हातात मोजे. अन्नात थर्मामीटर खुपसून तापमान बघायचं, कारण थंड ठेवायचं ते पाच अंश सेल्सिअसच्या खाली राहायला हवं. प्रत्येक ट्रेवर पदार्थाचं नाव आणि तारीख चिकटवायची. डुकराचं मांस असलेला ट्रे वेगळा, कारण जेवणाऱ्यांत मुसलमान कुटुंबं आहेत. मग डबे गाडीत घालून जायचं. मिनेसोटात जानेवारीत पारा शून्याखाली वीसपर्यंत उतरतो, तरी पाळी चुकवायची नाही. सामाजिक न्याय हा शब्द भाषणात फार मोठा वाटतो. इथे तो गुरुवारी पाच वाजता हजर राहण्याइतका छोटा होतो, आणि तेवढंच आपल्याला करता येतं.

दुसरा उपक्रम आपल्याकडच्या आईबापांनी मुद्दाम ऐकावा. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ऑग्सबर्गने १९९७ मध्ये ‘स्टेपअप’ सुरू केलं. ही मुलं वसतिगृहात एकत्र राहतात, दारू-ड्रग्ज न घेण्याचा करार पाळतात आणि शिक्षणही पुरं करतात. आपल्या घरांत पोरगा दारूच्या आहारी गेला तर आधी शेजाऱ्यांपासून लपवतात, मग डॉक्टरांपासून. तिथे त्यासाठी उघड दार ठेवलेलं आहे. मूल परदेशात एकटं असताना असं काही घडलं, तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा, असं त्याला निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. आणि त्याचा तसा फोन आला तर “लोक काय म्हणतील” हे वाक्य उच्चारू नका.

आता तुमच्या मनातली शंका. ‘ल्युथरन’ म्हटलं की पालक दचकतात: मुलाला बाटवतील का? ऑग्सबर्गमध्ये प्रार्थनेला यायची सक्ती नाही. पण सगळ्या ल्युथरन शाळा एकसारख्या नसतात, एवढं ध्यानात ठेवा. ऑग्सबर्ग ज्या चर्चशी जोडलेलं आहे ते इव्हँजेलिकल ल्युथरन चर्च इन अमेरिका स्त्रियांना पाद्री करतं. मिसूरी सिनॉड हे दुसरं ल्युथरन चर्च करत नाही. प्रवेश घेताना शाळा कुठल्या चर्चची, हे विचारा. आणि पैशाचं विचारायला लाजू नका. फिनिश ल्युथरनांनी १८९६ मध्ये मिशिगनमध्ये काढलेलं फिनलँडिया विद्यापीठ २०२३ मध्ये बंद पडलं. छोट्या कॉलेजात माया असते, पण तिजोरी नेहमीच भरलेली नसते.

यानंतरचं जरा बोचेल. शेजाऱ्याला न्याय द्यायचा तर आधी आपल्याच फ्लॅटमध्ये बघा. मराठी मुलं एकत्र घर घेतात तेव्हा आडनाव विचारून झाल्यावर “मूळचे कुठले?” येतं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा जातीपाशी थांबतं. ‘शुद्ध शाकाहारी रूममेट हवा’ या जाहिरातीआड कधी भाजी असते, कधी दुसरंच काही. हे आता तिथेही लपत नाही. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये, आणि २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदावर कायद्याने बंदी आणली.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथे तत्त्वज्ञ जॉन ड्यूई शिकवत होते. लोकशाही ही फक्त राज्यकारभाराची पद्धत नसून माणसांनी एकमेकांसोबत जगायची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरच्या आपल्या ग्रंथात मांडला. अमेरिकेतून काय आणायचं याचा याहून चांगला नमुना मराठी माणसाला दुसरा शोधावा लागू नये. तेव्हा सोमाली शेजाऱ्याच्या घरी डबा पोचवून येताना, रूममेटने वेगळा तवा ठेवावा अशी अट मनात असेल, तर ती आधी सोडा.

आता कामाचं सांगतो. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या सेवा-केंद्रात जा आणि आठवड्याला दोन तासांचं एकच काम निवडा: स्वयंपाकघर, वस्तीतल्या मुलांचा अभ्यास, निर्वासितांना इंग्रजी. पाच ठिकाणी नाव घालून एकीकडेही न जाणारे आपल्याकडे कमी नाहीत. दुसरं, तुमचा एफ-१ व्हिसा जपा. सत्र चालू असताना कॅम्पसवर पगारी कामाला साधारण वीस तासांची मर्यादा असते. धर्मादाय संस्थेत विनामोबदला सेवा चालते, पण एरवी पगार मिळणारं काम फुकट करणं महागात पडू शकतं. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन लेखी विचारून घ्या. तिसरं, उपकार करायला आलोय असा चेहरा करू नका. समोरची सोमाली बाई तुमच्याइतकीच परकी होऊन या देशात आली आणि तुमच्या आधी इथली बस, बर्फ आणि दवाखाने शिकली. तिला विचारा, ती सांगेल.

आईबाबा, तुम्ही फोनवर “अभ्यास सोडून हे काय चाललंय?” असं म्हणाल, हे मला ठाऊक आहे. दोन तासांनी ग्रेड घसरत नाही. उलट अंगात ताप असताना आणि तुम्ही हजारो मैल लांब असताना सूप घेऊन दारात कोण येतं, हे ज्या मुलाला ठाऊक आहे त्याची काळजी तुम्हाला कमी करावी लागेल. तेव्हा रविवारच्या फोनवर गुणांबरोबर हेही विचारा: या आठवड्यात पाळी केलीस ना?