सांधा पारखून खिडकी घ्यावी

शिडाच्या नौकेची परीक्षा करताना शीड, डोलकाठी आणि सुकाणू यांकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु केबिनला उजेड व वारा देणारी जी लहानशी खिडकी पोर्टलाइट या नावाने ओळखली जाते, तिची निवड बहुधा चकाकी आणि किंमत पाहून उरकली जाते, आणि या हेळसांडीचा दंड मालकाला पुढे वर्षानुवर्षे भरावा लागतो. तिच्यातून झिरपणारे पाणी अंथरूण भिजवून थांबत नाही. ते विजेच्या तारांपर्यंत पोहोचते, आणि जेथे फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्साच्या लाकडाचा गाभा असतो, तेथे तो आतल्या आत कुजवून वरून धडधाकट दिसणारी भिंत निर्बल करून टाकते.

या गळतीचे मूळ तावदानात क्वचितच असते. ते असते सांध्यात. आज काचेऐवजी सर्रास वापरले जाणारे अॅक्रिलिक तापमानात ३० अंशांचा फरक पडताच मीटरमागे सुमारे २ मिलिमीटर वाढते, आणि फायबरग्लास त्याच्या निम्म्यानेही वाढत नाही. सबब दिवसा फुगणारे व रात्री आकसणारे तावदान सीलंटला रोज ताण देत राहते. हा ताण सोसण्यासाठी सीलंटचा थर जाड राहिला पाहिजे; बोल्ट सर्व शक्तीनिशी आवळून तो पिळून काढणारा कारागीर गळतीचीच तजवीज करीत असतो. सीलंटची जातही पारखावी लागते, कारण धातूच्या चौकटीखाली उत्तम टिकणारे पॉलिसल्फाइड अॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट या दोहोंना अपायकारक ठरते.

मात्र कोणत्याही सीलंटची हयात नौकेच्या हयातीहून कमीच असते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, कधीही न गळण्याचे आश्वासन देणाऱ्या खिडकीपेक्षा, उलगडून, स्वच्छ करून पुन्हा बसवता येणारी खिडकी श्रेष्ठ मानावी. कांस्याची किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची चौकट, आरपार जाणारे बोल्ट, आणि सुटे मिळू शकणारे रबरी गॅस्केट ही तिची लक्षणे होत. ती महाग व वजनदार असते हे कबूल. परंतु प्लास्टिकची चौकट उन्हाने ठिसूळ होऊन कडीपाशी तडकली की संपूर्ण खिडकीच बदलावी लागते, आणि वाचलेली रक्कम दुप्पट होऊन खर्ची पडते. काटकसर करावयाचीच असेल, तर उघडणाऱ्या खिडक्या वाऱ्यासाठी खरोखर आवश्यक तेवढ्याच ठेवून उरलेल्या न उघडणाऱ्या बसवाव्यात.

गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ती कोठेही न थांबता केली. तेव्हा दक्षिण महासागराच्या लाटा सोसणारी नौका घडविण्याचे कौशल्य आपल्या किनाऱ्यावर आहे, यात संशय नाही. उणीव आहे ती ग्राहकाच्या आग्रहाची. नौका बांधून घेणाऱ्याने करारनाम्यातच तीन अटी लिहून घ्याव्यात: खिडक्या आयएसओ १२२१६ या मानकाप्रमाणे असाव्यात, खिडकीसाठी कापलेल्या छिद्राच्या कडेचा गाभा कोरून तेथे इपॉक्सी भरावे, आणि आतील अस्तर बसविण्यापूर्वी प्रत्येक खिडकीवर पाण्याचा जोरदार फवारा मारून मालकासमक्ष तपासणी व्हावी. या अटी पूर्ण झाल्याखेरीज शेवटचा हप्ता कोणीही देऊ नये.