लेकरांचा फोटो काढताना



घोटावड्याला आमच्या घरी आईच्या ट्रंकेत एक फोटो आहे. इयत्ता चौथीच्या वर्गाचा, सन १९९० चा. मागे चुन्याने रंगवलेली भिंत, सगळ्यांच्या अंगात पांढरे सदरे आणि शेवटच्या रांगेत आम्ही. चेहऱ्याच्या जागी नुसता काळा ठिपका. नाक नाही, डोळे नाहीत. तरी पाहुणे आले की आई त्या ठिपक्यावर बोट ठेवून सांगायची, "हा माझा!" आमच्या लहानपणाचा एवढा एकच फोटो. आपण काळे, म्हणून फोटो काळा आला, असे आम्हाला कितीतरी वर्षे वाटत होते. मोठेपणी कळले, दोष आमच्या रंगाचा नव्हता. उजेडाच्या हिशोबाचा होता.

हा हिशोब समजून घेऊ. उजेड मोजणाऱ्या यंत्राला माणूस कळत नाही. समोरचा सगळा उजेड एकत्र धरून त्याची सरासरी ते मध्यम करडी ठेवायला बघते. मागे पांढरी भिंत असली की त्याला वाटते, उजेड फार झाला. मग ते सगळेच चित्र गडद करते. भिंत करडी पडते आणि सावळे लेकरू काळेठिक्कर दिसते.

यात आणखी एक गोष्ट आहे. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्यांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याचे कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा रंग नीट उतरला की छपाई बरोबर! मापच गोऱ्या माणसाचे, तर आपली लेकरे त्यात कशी बसणार? निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांची कार्डे यायला १९९० चे दशक उजाडले. गूगलने आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात सावळ्या-काळ्या रंगासाठी मुद्दाम सुधारणा आणली, ती २०२१ मध्ये.

आता घराघरांत मोबाईल आहे. रोल संपायची भीती नाही, धुलाईचा खर्च नाही. तेव्हा पुढील गोष्टी करून पाहा.

पहिले म्हणजे, मोबाईलची काच सुती फडक्याने पुसा. निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलाने येतात.

दुसरे, लेकराला दारापाशी आणा. खोली एकच असो, पत्र्याची असो, दारातून उजेड येतोच. उंबऱ्याच्या आत दोन पावलांवर, तोंड दाराकडे करून त्याला बसवा. आपण दाराच्या एका अंगाला राहा, म्हणजे आपली सावली पडणार नाही. फ्लॅश बंद ठेवा. दाराकडे पाठ करून बसवले, तर पुन्हा आमच्यासारखाच ठिपका येईल.

तिसरे, पडद्यावर लेकराच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनवर सूर्याचे लहान चिन्ह दिसते. ते जरा वर सरकवले की चेहरा उजळतो. उजळतो म्हणजे गोरा होत नाही, स्पष्ट दिसतो.

चौथे, भर दुपारी उन्हात फोटो काढू नका. डोळ्यांच्या खोबण्यांत सावल्या पडतात. सकाळचे किंवा कलते ऊन बरे. आपल्या मुळशीत पावसाळ्यात आभाळ भरून येते, तेव्हाचा उजेड सगळ्यात मऊ. भातलावणीच्या दिवसांत बांधावर बसलेल्या पोरांचे चेहरे किती सुंदर दिसतात, पाहा.

पाचवे, खाली बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत लेकराचे डोके मोठे आणि पाय आखूड दिसतात. त्याच्या डोळ्याला डोळा भिडेल इतके खाली या. आणि "हस, हस" म्हणून त्याच्या मागे लागू नका. अभ्यास करताना, भावंडाला घास भरवताना, चेंडूमागे धावताना काढा. दहा काढा, एक ठेवा.

आता जरा कडू बोलतो, राग मानू नये. चेहरा गोरा करण्याची सोय हल्ली फोनमध्येच असते. ती वापरून आपण आपल्याच मुलीला सांगतो, की तू आहेस तशी चालत नाहीस. आम्ही ज्या समजुतीत लहानपण काढले, तीच पुन्हा तिच्या पदरात टाकायची काय? तिचा रंग तिचाच राहू द्या. तसेच आंघोळीचे, रडण्याचे फोटो स्टेटसला लावू नका. लेकरालाही अब्रू असते.

राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा फोटो आपण पाहिला असेल. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आणि टॉबी कुत्रा. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही लेकरे तर आधीच गेली होती. ती त्या फोटोत नाहीत. आज आपण त्या फोटोत रमाईंचा चेहरा किती वेळ निरखत राहतो! घरातला फोटो घरापुरता राहत नाही, तो असा पुढच्यांना पुरतो.

म्हणून एक विनंती. घरात फोटो बहुधा बाप काढतो, नाहीतर थोरला मुलगा. आई चुलीपाशीच राहते. तिला मुलांसोबत बसवा. वर्षातून निदान चार चांगले फोटो कागदावर छापून घ्या. फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो, आणि सगळे लहानपण त्याच्याबरोबर जाते. फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहा.

आमच्या आईला आता नीट दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात नातीचा फोटो छापून तिच्या हाती दिला. दारात बसवून काढलेला, सावळा, टपोऱ्या डोळ्यांचा. तिने तो डोळ्यांजवळ धरला. या वेळी बोट ठेवून सांगावे लागले नाही. म्हणाली, "हिचे डोळे तुझ्यावर गेलेत. तुझे असेच होते."

आमचे डोळे कसे होते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.