एमपीएससीची तारीख पुढे गेली की वाचलेलं का विसरतं? 'स्पेस्ड रिपीटिशन' म्हणजे नेमकं काय?

राज्यसेवा पूर्व परीक्षा २५ ऑगस्ट २०२४ ला होणार होती. त्याच दिवशी आयबीपीएसची परीक्षा आल्यानं पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अखेर पूर्व परीक्षा १ डिसेंबरला झाली. पुढच्या वर्षी अतिवृष्टीमुळे ही परीक्षा २८ सप्टेंबरवरून ९ नोव्हेंबरवर गेली.

तारीख पुढे गेली की अभ्यासाला जास्त वेळ मिळतो, असं बाहेरून वाटतं. पण शेवटच्या महिन्यात घोकंपट्टी केलेली असेल, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अभ्यासिका, मेस आणि कॉटबेसिसचा खर्च सुरूच राहतो, तो वेगळाच.

आपण विसरतो कसे?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी अर्थहीन अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असं त्यांना दिसलं. एका बैठकीत खूप वेळा पाठ करण्यापेक्षा तीच उजळणी काही दिवसांत विभागली, तर कमी मेहनतीत काम होतं, हेही त्यांनी नोंदवलं.

'स्पेस्ड रिपीटिशन' म्हणजे हीच वाढत्या अंतरानं केलेली उजळणी. समजा, लोकसेवा आयोगाची तरतूद कलम ३१५ मध्ये आहे, हे आज वाचलं. ते उद्या आठवून पाहायचं. जमलं तर चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी, मग महिन्याभरानं. चुकलं, तर पुन्हा उद्यापासून.

फक्त पुन्हा वाचलं तर?

इथेच अनेकांची फसगत होते. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले, तर काही न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतल्यावर पुन्हा वाचलेलं ८१ टक्के आणि आठवून लिहिलेलं ७५ टक्के आठवलं. आठवड्यानंतर मात्र हे आकडे ४२ आणि ५६ टक्के झाले.

म्हणजे पुन्हा वाचल्यावर 'येतंय' असं वाटतं, पण ते टिकत नाही. त्यामुळे उजळणीच्या वेळी पुस्तक मिटून उत्तर आठवायचं आणि मगच पडताळून पाहायचं.

सुरुवात कशी करायची?

पुठ्ठ्याचे तीन-चार खोके पुरतात. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. पहिला खोका रोज बघायचा, पुढचे वाढत्या अंतरानं. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात जातं, चुकलेलं पहिल्यात परत येतं. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली. 'अँकी' हे अ‍ॅप हेच काम करतं, कॉम्प्युटर आणि अँड्रॉइड फोनवर ते मोफत आहे.

नवी कार्डं मात्र बेतानं घ्यावीत. रोज शंभर घेतली, तर दोन आठवड्यांत उजळणीचा डोंगर उभा राहतो आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात.

परीक्षा पुढे गेली तर?

उजळणीतलं योग्य अंतर परीक्षा किती लांब आहे यावर ठरतं. परीक्षा जितकी दूर, तितकं अंतर मोठं ठेवलं तरी चालतं. त्यामुळे तारीख बदलली, तरी जुन्या कार्डांचं अंतर वाढवून मोकळा झालेला वेळ नव्या विषयाला देता येतो.

मग एवढ्यानं भागेल?

नाही. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. लेखी परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ गुण आहेत. कलमं, समित्या, सनावळ्या कार्डांनी पक्क्या होतील. पण त्यांची सांगड घालून वेळेत उत्तर लिहिणं हे लिहूनच येतं. चालू घडामोडींची कार्डंही वेळोवेळी बदलावी लागतात, नाहीतर जुनाच आकडा पक्का होतो.

शिवाय, न समजलेला मुद्दा कार्डावर उतरवून उपयोग नाही. आधी तो मूळ पुस्तकातून समजून घ्यावा, मगच त्याचं कार्ड करावं.