जुनी सायकल घेताना रंग नको, सांगाडा पाहा



नाशिकरोडच्या एका वाचक भगिनीने या वेळी अगदी वेगळा प्रश्न विचारला आहे. त्या लिहितात, "लग्नाआधी मी सायकलने कॉलेजला जात असे. आता चाळिशी उलटली, मुलं मोठी झाली. पुन्हा सायकल चालवावीशी वाटते. पण नवी घेण्याइतके पैसे मागायचा संकोच वाटतो. साठवलेल्या थोड्या पैशांत जुनी घेऊन दुरुस्त केली तर जमेल का? घरचे हसतात."

हसू द्या! जमेल, नक्की जमेल. मात्र वांगी जशी एकेक हातात घेऊन पाहतो, तशीच ही सायकलही पाहून घ्यायला हवी.

आधी शोध घरातूनच सुरू करा. जिन्याखाली, गच्चीवर, मामांच्या वाड्यात एखादी ॲटलास, हीरो, हर्क्युलस किंवा रॅले धूळ खात पडलेली असते. यांपैकी काही कारखाने आता राहिले नाहीत. आसनसोलची सेन-रॅले केव्हाच बंद पडली. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या ॲटलासने साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद केला, तोही नेमका ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनी! पण म्हणून घाबरू नका. काळ्या, उभ्या बांध्याच्या सायकली आजही बनतात, त्यामुळे त्यांचे बरेचसे सुटे भाग साध्या दुकानात मिळतात. अडचण येते ती परदेशी किंवा अगदी बारीक चाकांच्या रेसर सायकलींची. तसली घेण्याआधी टायरवरचा आकडा कागदावर उतरवून घ्या आणि तो टायर मिळतो का, हे दुकानात विचारून या.

२८ इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची काळी सायकल दणकट खरी, पण जड. आपल्याला बी.एस.ए. एस.एल.आर.सारखी हलकी किंवा मधला दांडा नसलेली लेडीज सायकल सोयीची. साडी वा ओढणी सांभाळायची असेल, तर चेनकव्हर आणि मागच्या चाकाची जाळी हवीच.

आता परीक्षा. नव्या रंगाला भुलू नका. कित्येकदा रंग दोष झाकायलाच दिलेला असतो. सायकलचा जीव सांगाड्यात. पुढे उभ्या राहून पाहा, दोन्ही चाके एका रेषेत दिसतात का? चिमटा मागे दबला आहे का? हँडलखाली, जिथे नळ्या जोडल्या आहेत, तिथे रंगाला सुरकुती किंवा भेग असेल, तर समजा सायकल कुठेतरी जोरात आदळली आहे. अशी फुकट मिळाली तरी नको. वरवरचा गंज पुसता येतो. पण आपल्याकडच्या पावसात सीटच्या नळीतून आत पाणी जाते आणि सांगाडा आतून खाल्ला जातो. म्हणून सीटचा दांडा वरखाली होतो का, हे करून पाहा. अडकलेला दांडा काढणे म्हणजे मेकॅनिकचा घामटा!

मग दोन्ही पायडल धरून हलवा. डगडग असेल, तर कॉटर पिन किंवा आतले छर्रे गेले असतील. हे काम किरकोळ. चाक उचलून फिरवा. डुलत असेल, तर आउट काढून घेता येतो. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकची रबरे ही बदलायचीच असे धरून चाला.

आणि इथेच हिशेब मांडा, बरं का! दुकानदाराकडून या भागांचे भाव आणि ओव्हरऑइलिंगची मजुरी विचारून घ्या. त्यात जुन्या सायकलची किंमत मिळवा. बेरीज नव्या साध्या सायकलच्या जवळ पोचली, तर सौदा सोडा. अपवाद एकच, ती सायकल वडिलांची असेल तर. तिथे हिशेब मनाचा असतो.

अनोळखी माणसाकडून घेत असाल, तर सांगाड्यावरचा नंबर घालून पावती लिहून घ्या. चोरीचा माल स्वस्तच असतो.

सायकल आपल्या मापाची हवी. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की गुडघा सरळ व्हावा. दांड्याची सायकल असेल, तर दांड्यावर उभे राहिल्यावर दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकायला हवेत.

घरी करण्याजोगे कामही बरेच आहे. हँडल आणि रीमच्या चकाकीवरचा गंज चॉकलेटच्या चांदीच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासला, की सुटतो. मूळ रंग आणि त्यावरच्या सोनेरी रेघा मात्र खरवडू नका. चेनला स्वयंपाकाचे तेल कधीच लावू नये. ते चिकट होते आणि धूळ धरते. ब्रेक मात्र मेकॅनिककडूनच करून घ्या, तिथे काटकसर नाही. लोखंडी रीम पावसात ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, हेही ध्यानात असू द्या.

आपले नाशिक सायकलवेड्यांचे गाव आहे. इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली सायकलवरून अमेरिका पार करण्याची शर्यत पूर्ण केली. आपल्याला एवढे कुठे जायचे आहे? पहाटे गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन चहाच्या वेळेला घरी आलो, तरी पुष्कळ.

तेव्हा ताई, साठवलेले पैसे खुशाल काढा. ते तुमचेच आहेत, आणि तुमच्यासाठीच खर्च होणार आहेत. पहिले आठ दिवस मोकळ्या मैदानावर सराव करा, मगच रस्त्यावर या. आणि हो, हसणाऱ्यांपैकी कुणी फेरी मारायला सायकल मागितली, तर आधी चाकात हवा भरायला सांगा!