सॉफ्टवेअर कोणतेही असो, अक्षर टिकले पाहिजे

बिदर, उदगीर, देगलूरकडची मुले शिकायला हैदराबादची वाट धरतात, यात नवे काही नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा, बिदर, गुलबर्गा आणि तेलंगणा एकाच हैदराबाद राज्यात होते. आता ही मुले पेन ड्राइव्हवर प्रेझेंटेशन घेऊन जातात. घरी सुबक दिसणारी स्लाइड तिथल्या सभागृहात उघडली, की कधी कधी मराठीच्या जागी चौकोन आणि कन्नडच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. पुढच्या वेळी मूल सरळ सगळे इंग्रजीतच लिहिते. खरे नुकसान इथे होते.

म्हणूनच ‘सर, कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?’ या पालकांच्या प्रश्नाकडे जरा नीट पाहू.

पॉवरपॉइंट सर्वांच्या ओळखीचे. १९८७ मध्ये ते प्रथम अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशसाठी आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. (याच मायक्रोसॉफ्टचे विकास केंद्र १९९८ मध्ये हैदराबादेत सुरू झाले.) ते विंडोज व मॅकवर चालते, लिनक्सवर मात्र ब्राउझरमधूनच वापरावे लागते. अ‍ॅपलचे की-नोट देखणे आहे, पण ते अ‍ॅपलवाल्यांच्याच सोयीचे. गुगल स्लाइड्स ब्राउझरमध्ये कुठेही उघडते. इंटरनेट मात्र भरवशाचे हवे.

लिबर ऑफिस विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालते आणि पूर्ण मोफत आहे. त्यातील ‘इम्प्रेस’ पॉवरपॉइंटच्या फायलीही उघडते. मांडणी कधी थोडी सरकते, एवढेच. त्याचे मेनू मराठीत आणि कन्नडमध्येही मिळतात. हैदराबादच्या ‘स्वेच्छा’ संस्थेने असेच मुक्त सॉफ्टवेअर तेलुगूत आणण्याचे काम केले आहे. घरचे बजेट बेताचे असेल, तर सुरुवात इथून करावी.

पण अक्षरे का बिघडतात? जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये संगणक आतून रोमन अक्षरच साठवतो आणि वर फक्त आपल्या अक्षराचे चित्र काढतो. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला, की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये मराठी ‘क’ला आणि कन्नड ‘ಕ’ला स्वतःचा वेगळा क्रमांक आहे. फाँट बदलला तरी अक्षर तेच राहते. चौकोन दिसले, तर त्या संगणकावर त्या लिपीचा फाँट नाही एवढेच समजावे. मजकूर शाबूत असतो.

आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांना आणखी एक सोय आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी ‘क’ आणि कन्नड ‘ಕ’ एकाच कळीवर असतात. एकदा बोटे बसली, की आईची भाषा आणि शाळेची भाषा दोन्ही लिहिता येतात.

तेव्हा मुलांना तीन सवयी लावा. टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. फाइल जतन करताना फाँट तिच्यातच समाविष्ट करण्याचा पर्याय निवडावा. आणि सोबत पीडीएफ प्रत ठेवावी. तिच्यात हलती चित्रे हलणार नाहीत, पण अक्षरे जागची हलणार नाहीत. एवढे केले, तर हैदराबादच्या पडद्यावर आपल्या दोन्ही भाषा ताठ मानेने उभ्या राहतील.