उशाशी बसणाऱ्याची पारख

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर आणि घोडेगाव या पेठांमधील जैन व्यापारी घरांचे रूप गेल्या दोन पिढ्यांत बदलले आहे. कापड, किराणा, भुसार किंवा सराफीची पेढी गावात राहिली. मुले शिक्षणासाठी पुण्याला गेली आणि बिबवेवाडी, मार्केट यार्ड, चिंचवड अशा भागांत स्थिरावली. गावच्या वाड्यात आई-वडील उरले. ते चालते-फिरते असेपर्यंत या व्यवस्थेत कोणालाही उणे भासत नाही. सकाळी देरासर किंवा स्थानक, दुपारी दुकानाच्या गादीवर घटकाभर बैठक, सूर्यास्तापूर्वी जेवण, असा दिवस सुखाने सरतो. मग एखाद्या दिवशी पाय घसरून खुब्याचे हाड मोडते किंवा अर्धांगवायूचा झटका येतो. पुण्याच्या रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टर सांगतात, की रुग्णाजवळ आता रात्रंदिवस माणूस हवे.

येथून घाई सुरू होते. रुग्णालयाच्या दारातच कोणीतरी एखाद्या ब्युरोचा क्रमांक देतो, फोनवर दर ठरतो आणि संध्याकाळी एक अनोळखी व्यक्ती पिशवी घेऊन घरात येते. ज्या घराण्यात नव्या गिऱ्हाइकाला पहिली उधारी देण्यापूर्वी चार पेढ्यांवर त्याची पत विचारली जाते, त्याच घरात जन्मदात्यांचा दुबळा देह एका फोनवर परक्याच्या स्वाधीन होतो. यात मायेची उणीव नसते. उणीव असते ती वेळेची. म्हणूनच ही पारख गरज पडण्यापूर्वी व्हावी लागते.

2011 च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण 8.6 टक्के होते, तर महाराष्ट्रात ते 9.9 टक्के होते. हा प्रश्न एखाद-दुसऱ्या घराचा राहिलेला नाही.

आधी गरज ओळखावी

ब्युरोला फोन करण्यापूर्वी रुग्णाला नेमके काय लागते, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. अंघोळ, कपडे, शौचाला नेणे, भरवणे, कूस बदलणे ही कामे प्रशिक्षित मावशी किंवा वॉर्डबॉय करू शकतात. इंजेक्शन, सलाईन, नाकातून घातलेली अन्नाची नळी बदलणे, लघवीची नळी बसवणे, खोल जखमेचे ड्रेसिंग ही कामे परिचारिकेची आहेत. परिचारिका म्हणवणाऱ्या व्यक्तीने एएनएमचा दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा किंवा बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो आणि तिची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. पांढरा कोट आणि ‘सिस्टर’ हे संबोधन म्हणजे नोंदणी नव्हे. परिचारिकेचा दर घेऊन मावशी पाठवणे, ही या व्यवसायातील सर्वांत सोपी लबाडी आहे. नोंदणीपत्र पाहायला मागितले, की ती बहुधा तेथेच उघडी पडते.

उलट, मावशीने भागत असताना भीतीपोटी परिचारिका ठेवली, तर खर्च विनाकारण वाढतो आणि दोन-तीन महिन्यांत घर थकते. मग अशा वेळी माणूस कमी केले जाते, जेव्हा त्याची खरी गरज असते.

गुमास्ता काय सांगतो आणि काय सांगत नाही

बहुतेक ब्युरो आपले गुमास्ता प्रमाणपत्र दाखवतात. त्याचा अर्थ व्यापाऱ्यांइतका दुसऱ्या कोणाला कळणार? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ठरावीक संख्येइतके किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने नोंदणी करायची असते. त्याहून लहान आस्थापनेने केवळ सूचना दिली तरी पुरते. त्या कागदावरून व्यवसाय अस्तित्वात आहे एवढेच समजते. माल कसा आहे, हे गुमास्त्यावर लिहिलेले नसते. दुकानाच्या राखणीसाठी सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थेलासुद्धा 2005 च्या केंद्रीय कायद्याखाली राज्याचा परवाना घ्यावा लागतो. वडिलांच्या राखणीसाठी माणूस घेताना त्याहून कमी चौकशी करणे शोभणारे नाही.

ही चौकशी प्रश्नांनी होते. येणाऱ्या व्यक्तीची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली आहे का, आणि तिचा दाखला दाखवाल का? तिला प्रशिक्षण कोणी आणि किती दिवस दिले? ती रजेवर गेली किंवा अचानक निघून गेली, तर बदली माणूस किती तासांत येईल? ब्युरोतर्फे कोणी घरी येऊन काम पाहते का? रात्री दोन वाजता अडचण आली, तर फोन कोण उचलेल? आणि शेवटी, सध्या ज्यांच्या घरी तुमची माणसे आहेत, अशा दोन कुटुंबांशी बोलता येईल का? चांगला ब्युरो त्या कुटुंबांची परवानगी घेऊन गाठ घालून देतो. जो टाळतो, त्याची पत तेथेच कळते.

बोली नको, लेखी हवे

दर किती, पाळी बारा तासांची की चोवीस तासांची, कामे कोणती, सणाच्या दिवशी दर बदलतो का, जेवण-राहणे कोणाकडे, अनामत किती आणि ती परत केव्हा, हे सर्व कागदावर असावे. ब्युरोच्या माणसाला परस्पर कामावर ठेवू नये, अशी अट अनेक करारांत असते. ती वाचूनच सही करावी. पैसे बँकेतून द्यावेत आणि पावती घ्यावी. ब्युरोने मोबदला घेऊन दिलेली सेवा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, मात्र पावती नसेल तर तक्रारीला पाय उरत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

पहिला आठवडा चाचणीचा धरावा. त्या आठवड्यात घरातील एका जबाबदार व्यक्तीने सोबत राहावे. रुग्णालयातून निघण्यापूर्वीच भरवताना किती उंच बसवायचे, नळीची निगा कशी राखायची, उठवताना हात कोठे द्यायचा, हे तेथील परिचारिकेकडून घरच्यांनी शिकून घ्यावे. ज्याला काम माहीत आहे, त्यालाच कामावर नजर ठेवता येते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ती राहिली, तर माकडहाडावर आणि टाचांवर शय्याव्रण होतात. औषधे, जेवण, पाणी, लघवी, कूस बदलल्याची वेळ यांची एक वही उशाशी असावी. रोजकीर्द लिहिणाऱ्या घरांना हे सांगावे लागू नये.

गाव की शहर?

जुन्नर-आंबेगावच्या कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न असतो. रुग्णाला पुण्याला न्यावे, की पुण्याचे माणूस गावात आणावे? पुण्यात तज्ज्ञ डॉक्टर आणि ब्युरो दोन्ही जवळ असतात. पण सातव्या मजल्यावरच्या सदनिकेत वडिलांची गादी नसते, ओट्यावरून विचारपूस करणारी पेठ नसते, सकाळच्या दर्शनाची सवय मोडते. आजाराइतकेच हे तुटणेही माणसाला खचवते. गावात ठेवले, तर शहरातला ब्युरो सहसा चोवीस तास मुक्कामी राहणारे माणूस पाठवू पाहतो आणि बदली माणूस पोहोचायला वेळ लागतो.

गावातीलच एखादी ओळखीची स्त्री शिकवून तयार करणे हा तिसरा मार्ग आहे. अनेक घरांत तो उत्तम ठरतो. मात्र त्यात बदली माणसाची सोय घरालाच करावी लागते. शिवाय हा बिबट्यांचा मुलूख आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते उगाच नव्हे. उसाच्या कडेच्या वस्तीवरून येणाऱ्या बाईला अंधार पडल्यावर एकटीने परत धाडणे योग्य नाही. तिची पाळी उजेडात बदलेल अशी वेळ ठरवावी, नाहीतर तिला पोहोचवण्याची सोय करावी. मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचे ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर आहे आणि रात्री तेथवर न्यायला गाडी कोणाची, हेही आधी ठरलेले असावे. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे.

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात प्रश्न केवळ माणसाचा नसून वेदना आटोक्यात ठेवण्याचा असतो. पुण्यात वारजे येथे सिप्ला फाउंडेशनचे उपशामक उपचार केंद्र 1997 पासून अशा रुग्णांची विनामूल्य सेवा करते. ब्युरो शोधण्याआधी तेथे विचारणा करणे अधिक उपयोगाचे ठरते.

घराचे नियम आणि औषधाची वेळ

कंदमूळ वर्ज्य आहे, पाणी उकळलेले लागते, सूर्यास्तानंतर चौविहार आहे, हे ब्युरोला पहिल्याच दिवशी सांगावे. वाड्यात मांसाहार चालत नाही, हेही करारापूर्वीच स्पष्ट करावे. नंतर वाद होतो तो न सांगण्यामुळे. पण नियमांची दुसरी बाजूही डॉक्टरांपुढे मांडायला हवी. मधुमेही रुग्णाला संध्याकाळी इन्सुलिन दिले आणि चौविहारामुळे पोटात अन्न गेले नाही, तर रात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मावशीला चौविहार ठाऊक नसतो आणि डॉक्टरांना कोणी सांगितलेला नसतो. औषधे आणि जेवणाच्या वेळा डॉक्टरांसोबत बसून बसवून घ्याव्यात. पच्चक्खाणात आजारपणासाठी आगार असतो. त्याविषयी शंका असल्यास गुरुमहाराजांना विचारावे, मावशीवर निर्णय सोडू नये.

सेवा करणाऱ्याचाही मान

चोवीस तास राहणारी व्यक्ती चोवीस तास जागू शकत नाही. तिला सलग झोप, वेळेवर जेवण, निजायला स्वच्छ जागा आणि आठवड्याची सुट्टी हवी. घरात आहे म्हणून तिच्याकडून धुणीभांडी आणि नातवंडांचे डबे करून घेतले, की रुग्णाची कूस बदलायची राहते. ब्युरो घेतो त्या रकमेतील किती तिच्या हाती पडते, हेही विचारावे. ज्या ब्युरोत माणसे टिकत नाहीत, तेथे दर पंधरा दिवसांनी नवा चेहरा येतो आणि स्मरण हरपत चाललेल्या वृद्धाला प्रत्येक नवा चेहरा भीती देतो. जैन परंपरेने वैयावृत्त्याची गणना सहा अभ्यंतर तपांमध्ये केली आहे. पैसे घेऊन का होईना, हे काम जी करते तिला घरात ‘अगं’ न म्हणता मावशी म्हणावे, हे त्या परंपरेला धरूनच आहे.

जबाबदारी सोपवता येत नाही

2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्यात निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा यांसोबत वैद्यकीय देखभाल व उपचार आहेत आणि ते कर्तव्य मुलांवर आहे. दाद मागण्यासाठी न्यायाधिकरण आहे. जुन्नर आणि आंबेगावसाठी ते मंचरच्या प्रांताधिकाऱ्यांपुढे चालते. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे. बहुतेक घरांत हे क्रमांक कधी लागू नयेत, पण आईच्या मोबाईलमध्ये ते असावेत. बंद दाराआड मावशी दरडावते की नाही, हे आईनेच सांगायचे असते आणि त्यासाठी तिला रोज एकांतात विचारणारे कोणीतरी आपले हवे. दंडावरचा वळ, अचानक आलेले मौन, मावशी खोलीत येताच आवरून घेतलेले बोलणे यांकडे दुर्लक्ष होऊ नये.

भावंडांत कामाची वाटणी स्पष्ट असावी: पैसे कोण देणार, डॉक्टरांशी कोण बोलणार, वही कोण तपासणार, महिन्यातून कोण मुक्कामाला येणार. दूर परदेशी असलेला भाऊ पैसे देऊ शकतो. उशाशी बसणे जवळच्यालाच जमते. पहिल्याने हिशेब मागताना दुसऱ्याचे बसणे जमेला धरावे.

आणि ज्यांच्यासाठी हे सारे, त्यांना आधी विचारावे. अंघोळ परक्या पुरुषाने घातलेली चालेल का, गावातच राहायचे आहे का, कोणती गोष्ट काही झाले तरी सुटू नये, याची उत्तरे हातीपायी धड असतानाच मिळतात. दिवाळीला वहीपूजनासाठी सगळी मुले वाड्यावर जमतात. नव्या वहीचे एक पान आई-वडिलांच्या या उत्तरांसाठी राखून ठेवावे आणि त्याखाली पारखून घेतलेल्या दोन ब्युरोंची नावे लिहावीत.